पिवळी प्रत

चोपड्याच्या आठवडे बाजारात, मेथीच्या ढिगाआडून
इंदुबाई कोळी मला ओळखते.
मला तिच्या नावाआधी आठवतो पोराचा नंबर:
शून्य-दोन-तीन.
"ताई, त्या कागदस्नं काय व्हयनं?"

त्या कागदांचं.
चाळीस पोरं, यावल रोडवरचा झांबरे डॉक्टरांचा दवाखाना.
त्या साली थंडी अशी की केळीला चरका बसला
आणि पोरांच्या छातीत घरघर.
गुलाबी औषध सिरिंजनं जिभेवर, दिवसातून दोनदा, पाच दिवस.
निम्म्या बाटल्यांत औषध,
निम्म्यांत नुसतंच गोड, गुलाबी पाणी.
कुठल्या बाटलीत काय, ते पाकिटांत बंद.
पाकिटं आम्ही फोडायची नव्हती. फोडली नाहीत.
फ्रिजचं तापमान मात्र मी रोज लिहिलं,
लाइट गेली की तासातासाला लिहिलं,
माझ्या हळदीच्या दिवशीसुद्धा: चार पूर्णांक दोन.

मग हैदराबादहून एक माणूस आला,
खोकी मोजली, सह्या घेतल्या,
अर्धा चहा ठेवून गेला.
डॉक्टरांनी वर्षभर पत्रं लिहिली, मग फोन केले,
मग त्यांची बायपास झाली.
सरकारी नोंदवहीत आमच्या अभ्यासापुढे 'पूर्ण' असं आहे,
आणि 'निष्कर्ष' या शब्दापुढे जागा.
कोरं म्हणजे वाईटच असं नाही,
हे मी नऊ वर्षं स्वतःला सांगते आहे.

इंदुबाई गल्ल्याखालून दुधाची रिकामी पिशवी काढते.
आत घडी. कार्बनची पिवळी प्रत.
रोज रात्री तीन चेहऱ्यांपैकी एकाला गोल करायचा होता:
हसरा, बरा, रडका.
लिहिता येत नव्हतं तिला, गोल येत होता.
तिसऱ्या रात्री तिनं गोल केलाच नाही.
समासात स्वतःच चेहरे काढले, तीन,
शेवटच्याला नुसते डोळे.

त्या रात्री योगराज भिंतीशी बोलत होता,
आईला 'तू कोन' विचारत होता,
कडी काढून तापीकडे निघाला होता.
तिनं सगळं सांगितलं. मी सगळं ऐकलं.
चौकटीत एकच आकडा मावत होता.
मी लिहिलं: १.
औषधाशी संबंध?
"ताप होताच ना त्याला," फोनवरचा आवाज म्हणाला.
मी 'नाही'वर खूण केली.
माझं अक्षर चांगलं आहे. खूणही नीट आली.

"पोऱ्या कसा शे?"
"बरा शे. जळगावले मोबाइलना दुकानमा."
मेथीवर पाणी शिंपडते.
"तो घर ऱ्हायना का रातले दारले कुलूप लावस मी. आजून."

आता कुणीतरी जुडी मागतं, ती सुट्टे मोजते,
तेवढ्यात मी पर्समधलं पेन काढते.
दुरुस्तीचा नियम मला पाठ आहे:
एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे,
शेजारी नवा आकडा, सही, तारीख.
१ वर रेघ मारते. ३ लिहिते.
'नाही'वर रेघ मारते आणि पुढे काय लिहावं ते सुचत नाही.
माहीत नाही, असं लिहिते.
सही. आजची तारीख.

ती कागद उलटा-सुलटा बघते,
माझ्या सहीवर ओला अंगठा फिरवते, शाई जराशी पसरते.
"आते हाऊ कोनले देऊ?"