चौपट वेगाने, म्हणजे सावकाश

नोव्हेंबरपासून सूर्य नाही.
तळघरात हीटर, दोन स्पीकर,
आणि आमच्या बंदराच्या ब्रास बँडची बारा गाणी,
चर्चमध्ये दोन माइक लावून धरलेली.
बाहेर बॅरेन्ट्स समुद्र.
जानेवारीत सूर्य परत येईल त्या दिवशी
शाळेच्या पायरीवर सीडी विकायची,
असं सभेत ठरलं. मी सभेला नव्हते.

आधी ओड्वार आला. ट्यूबा वाजवतो, रस्त्यावरचा बर्फ हटवतो.
बूट न काढताच म्हणाला,
"तिसऱ्या गाण्यात मी जरा दबलोय. बाकी तुझ्यावर."
मग सिन्नेव्हे, कॉर्नेटवाली, दालचिनीचे पाव घेऊन:
"मला वर नको करूस. फक्त ट्यूबा खाली घे."
ढोलवाला पेडर काहीच बोलला नाही,
मागे उभा राहून प्रत्येक ठोक्याला एक उसासा.

दोनच माइक. त्यातून कुणाला वेगळं काढू?
दुधातलं पाणी काढून द्या म्हणावं.
पण माझ्या मिक्सरवर शेवटचा एक फेडर आहे,
कशालाच न जोडलेला.
तो मी तिघांसाठी तीनदा, दोन बोटं वर केला.
"आत्ता कसं!"
(पेडरने फक्त मान हलवली.)

छत ठरलेलं असतं. शून्य डेसिबल.
आवाज त्याच्या वर जात नाही, डोकं आपटून फुटतो.
सगळ्यांनाच मोठं केलं की कुणीच मोठं उरत नाही,
हे बँडला सांगून बघा.
मी छताखाली दशांशभर जागा सोडते,
होडीच्या दोरात सोडतात तशी.

मग दोन गाण्यांमधलं अंतर.
यंत्र आपणहून सगळ्यांना दोन-दोन सेकंद वाटतं, रेशनसारखं.
सातव्या गाण्यानंतर दोन पुरत नाहीत.
शेवटचा सूर संपल्यावर बाक कुरकुरतं,
कुणीतरी नाक ओढतं,
आणि लांबून धुक्याचा भोंगा येतो,
बँडच्याच सुरात, किंचित उतरलेला.
मी तो पुसायला गेले. तुकडा निवडला. बोट बटणावर.
मग पाच सेकंद केले, आणि भोंगा राहू दिला.

चोवीस बिटांतून सोळांत उतरताना
तळाचे आठ कापले जातात,
आणि विरत जाणारा सूर जिन्यावरून पडल्यासारखा
पायरी-पायरीने तुटतो.
म्हणून त्यात मुद्दाम खरखर मिसळायची,
कानाला कळणारही नाही इतकी बारीक.
पहिल्यांदा शिकले तेव्हा पटलं नव्हतं:
स्वच्छ सुरात आपल्याच हाताने कचरा?
पण भुरभुर बर्फ पडलेला असला
तरच कोल्ह्याची पावलं दिसतात.
उघड्या खडकावरून तो रोज जातो, कुणाला पत्ता नसतो.

शेवटी जाळणं. धूर नाही की वास नाही.
ड्राइव्हवर बावन्नपट छापलंय, मी चौपटीवर ठेवते.
माउसला हात नाही. फोन उचलायचा नाही.
वाऱ्याने विजेची पापणी एकदा लवते,
आणि आठवी सीडी एकोणचाळीस टक्क्यांवर मरते.
अशा चौदा मेल्या.
"फेकू नकोस," ओड्वार म्हणाला, आणि पिशवीत भरून घेऊन गेला.

ठरल्या दिवशी ढग.
सूर्य आला असावा, असं धरून आम्ही वाजवलं,
म्हणजे त्यांनी वाजवलं, मी पैसे मोजले.
त्रेसष्ट खपल्या. सिन्नेव्हेच्या मावशीने दोन घेतल्या,
तिच्याकडे प्लेअर नाही.

तीन दिवसांनी, अकराच्या सुमारास, पेडरचा फोन.
इतक्या वर्षांत पहिलाच.
"वर ये," एवढंच.
मासे वाळवायच्या रिकाम्या वलांडीवर
कावळे हाकलायला ओड्वारने माझ्या चौदा मेलेल्या सीड्या टांगल्या होत्या.
सगळ्या गरागरा फिरत होत्या,
आणि खाली बर्फावर रंग सांडत होते.
एक मी ओळखली:
आतलं कडं गडद, एकोणचाळीस टक्के,
बाहेरचं कोरं.
तेच जास्त चमकत होतं.