खोली चौदा

मोजणी शून्यापासून, सर म्हणाले.
मी विक्रोळीतली आमची बिल्डिंग
अ‍ॅरेत भरली, जिन्याच्या क्रमानं:
शून्यावर वॉचमन थापा, एकवर दुखंडे,
मग शिरगावकर बाई
आणि चुकून त्यांचा पोपट.

हॅशला क्रम नसतो.
छापलं तर गच्चीखालचे आधी,
तळमजला मध्येच कुठंतरी,
सोसायटीच्या मीटिंगसारखं.

खोली नंबर ही किल्ली, नाव ही किंमत.
चौदापाशी बोट अडलं,
नाव न घालता पुढं गेलो.

रात्री प्रोग्रामला विचारलं,
चौदा आहे?
एक, म्हणाला.
आत कुणी?
रिकामी ओळ.

सुलक्षणाआत्याचं दूध अजून
भय्या विसरून ठेवतो कधीकधी.

डिलीट लिहिलं.
मग त्याच्याआधी # टाकला.
ओळ आहे. चालत नाही.