तीन मिलीसेकंद

नेव्हीनगरच्या टोकाला, जिथे नवं कुलूपही
वर्षभरात गंजतं,
आम्ही एक टाकी सांभाळतो.
आत आर्गॉन, उणे एकशे शहाऐंशीला,
दिसायला नुसतं पाणी.

तळोज्याहून टँकरने येतो.
त्याआधी हवाच होता, इथली.
ससून डॉकच्या सोड्यांवरून गेलेला,
लालबागच्या मिरची कांडपातून,
माझ्या छातीतूनही कधीतरी,
आणि कशालाच चिकटला नाही.
ग्रीकांनी म्हणे त्याचं नाव ठेवलं: आळशी.

पण बरोबर ऑक्सिजन येतो.
हजार कोटींत एक उरला तरी पुरतो,
निघालेला इलेक्ट्रॉन वाटेतच धरतो.
म्हणून तांब्याच्या गाळण्या.
तांबं काळवंडतं, मग रात्रभर हायड्रोजन सोडून
त्याला पुन्हा तांबडं करायचं.
पहाटे नळीच्या तोंडाशी
थेंबभर पाणी.

सात आठवडे आकडा हलला नाही.
एक पूर्णांक दोन मिलीसेकंद,
एवढंच इलेक्ट्रॉनचं आयुष्य.
बावतीस लोपीस, वसईचा आमचा वेल्डर,
सांध्यासांध्यावर हेलियमची फुंकर घालत फिरला.
यंत्र गप्प.
केंकरे मॅडम तारखेवर तारीख खोडत राहिल्या.

त्याच दिवसांत बाबा आले होते, माझं काम बघायला.
दारावरची पाटी वाचली: स्पर्श करू नये.
तिथेच थांबले. हात आपोआप पाठीमागे गेले,
गावच्या आडाजवळ जायचे तसे.
मग हळूच म्हणाले,
"कुणीच नाही लावायचा?"
"कुणीच नाही. डायरेक्टरनेसुद्धा नाही."
जरा विचार केला त्यांनी.
"मग ठीकंय," म्हणाले, आणि हसले,
आणि काचेतून अर्धा तास बघत राहिले
काहीच दिसत नसताना.

शेवटी बावतीसच बोलला,
"बाहेरून काय येत नाय रे.
आतलंच कोणतरी श्वास सोडतंय."

उघडलं. वर, द्रवाच्या पातळीपेक्षा बरंच वर,
जिथे थोडी ऊब असते,
वायरींच्या जुडग्यावर नायलॉनची एक पट्टी.
मी बांधलेली. घट्ट, नीट, टोक कापून.
पोटात दमट मुंबई घेऊन बसली होती ती,
थोडी थोडी सोडत.

तेरा दिवस पुन्हा गाळलं.
एक पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक चार.
मंगळवारी पहाटे, तीन.
मॅडमनी आकडा दोनदा वाचला,
बाबांना फोन लावला मी, पण कळेल कसं सांगू?
"लांबपर्यंत गेला," म्हटलं, "कुणी अडवला नाही."
"बरं झालं," ते म्हणाले.

बावतीसने डब्यातून सुकेळी काढली.
हातमोजे टोपलीत फेकून
आम्ही तिघं चिकट बोटांनी खात बसलो.