मोजणी

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
मी नॉकनाशीच्या फाटकाशी गाडी लावतो,
खांबावरची करडी पेटी उघडतो
आणि तिच्यात साठलेली माणसं वहीत उतरवून घेतो.

मार्चमध्ये अडतीस.
एप्रिलमध्ये एकेचाळीस. त्यात एक कोल्हा असावा,
पहाटे तीनला आमच्याकडे कोण फिरायला जातं?

रस्ता आठ किलोमीटरचा ठरला होता,
बंद पडलेल्या रेल्वेच्या भरावावरून,
पश्चिमेच्या गावापासून पूर्वेच्या तळ्यापर्यंत.
झाला सव्वादोन.
मधलाच. दोन्ही टोकं हवेत.
काउंटी ऑफिसातल्या तक्त्यावर तेवढा हिरवा आहे,
बाकी सगळा पिवळा, म्हणजे प्रगतिपथावर.
हा एक पथ मात्र आयर्लंडभर पोचलाय.

उद्घाटनाला राज्यमंत्री मोटारीतून आले.
चालत यायला वाट नव्हती.

पश्चिमेच्या टोकाला फॉख्टना हेफरनचं शेत.
तार. तारेवर पाटी: इथून पुढे नाही.
मी दोनदा नकाशा घेऊन गेलो.
"पणजोबांकडून ही पट्टी रेल्वेसाठी घेतली,
ते नको म्हणत असताना.
मग रेल्वे बंद केली, आम्ही नको म्हणत असताना.
आता तुम्ही विचारताय.
विचारताय, हे एक बरं झालं."
एवढं बोलून तो गायींकडे गेला.

जूनमध्ये एकशे बारा.
जुलैमध्ये तीनशे सहा.
साहेबांनी मला चहा पाजला.
अहवालात वाक्य आलं:
ग्रामीण मार्गाच्या वापरात लक्षणीय वाढ.
डब्लिनहून फोन आला, हे कसं साधलंत?

मलाच ठाऊक नव्हतं. म्हणून ऑगस्टात एका गुरुवारी
डबा घेऊन पेटीजवळ बसलो.

साडेदहाला ती आली.
डिम्फ्ना, फॉख्टनाची बायको, वय एकाहत्तर,
अंगात नवऱ्याचा रेनकोट,
खाली पुतणीची जांभळी सायकल.
गाडी चालवायला ती कधी शिकली नाही.
चाळीस वर्षं दुकानात, चर्चला, दातांच्या डॉक्टरकडे,
फॉख्टनाला सवड असेल तेव्हा.
जिवाच्या आकांताने हँडल धरून
पेटीसमोरून गेली. एक.
टोकाला वळता येईना,
उतरली, सायकल उचलून फिरवली,
परत आली. दोन.
दुपारपर्यंत बावीस.

"जायचंय कुठे?" मी विचारलं.
"वाचनालयात. गुरुवारी उघडं असतं. दोन मैल."
"पण हा रस्ता तिथे जात नाही."
"मी तरी कुठे जातेय अजून?
दोघांचंही काम चालू आहे."

तारेपलीकडे फॉख्टना उभा होता,
खांबावर खिळा ठोकत असल्यासारखा.
हातात हातोडा नव्हता.

साहेबांना मी काही सांगितलं नाही.
आकडा खोटा नव्हता,
तीनशे सहा वेळा कोणीतरी खरंच तिथून गेलं होतं.

सप्टेंबरमध्ये अकरा.

मी पेटी हलवून पाहिली, बॅटरी बदलली,
पेटीसमोर हात फिरवला. बारा.
मग पश्चिमेच्या टोकापर्यंत चालत गेलो. पाटी होती तशीच.
तार मात्र एका खांबावरून सोडवून
दुसऱ्याला गुंडाळलेली, नीट,
मनात आलं तर पुन्हा ताणता येईल अशी.
पलीकडे ओल्या गवतात चाकाची एक रेघ,
बांधाच्या कडेने, पाण्याच्या टाकीला वळसा घालून गावाकडे.
तिच्या शेजारी गमबुटांचे ठसे,
लांब लांब पडलेले,
सीट धरून पळणाऱ्या माणसाचे,
आणि पहिल्या चढानंतर ते संपलेले.
पुढे नुसती रेघ.

ऑफिसात परतलो तर टेबलावर कागद:
वापर घटला. कारण द्यावे.

कारणाचा रकाना बोटभर आहे.