सांडलवंड

जुलै लागला की रोल्यातल्या इमारती
दात पडल्यासारख्या दिसतात.
ज्यांना परवडतं त्यांच्या खिडक्या बंद,
ते गावी, उरल्यासुरल्या आंब्याला.
राहतात ती पोरं, ज्यांच्या बापाचा पगार
तीन महिने इन्शाल्लावर आहे.

थंड नळाला इथं चटका देणारं पाणी येतं.
म्हणून गीझर बंद ठेवायचा
आणि आंघोळीला त्यातलं घ्यायचं.
सगळंच असं उलटं करून घ्यायचं असतं,
हे मला पहिल्याच वर्षी कळलं.

मी पारकरांच्या मेसमध्ये भात लावते.
एकशे चाळीस डबे. हिशेबाची वही माझ्याकडे,
कारण माझं अक्षर बरं आहे
आणि मी खोटं लिहीत नाही, असा समज आहे.

पहिली आली तन्झीला. डबा परत द्यायला.
वरच्या मजल्यावरच्या कुणाचा तरी, घासूनपुसून.
मी घेतला, फळीवर ठेवला, वळले,
तर ती अजून दारातच.
"घरी कोण आहे गं?"
"एसी," म्हणाली.

एका खोलीत चार पडदे, चार कुटुंबं, एक शेगडी.
यांची पाळी रात्री दहाला.
आई दुसऱ्यांच्या लाद्यांवर, बाप दुसऱ्यांच्या गाड्यांवर.
सकाळी चहा आणि खुबूस,
मग दिवसभर मोबाईलमधल्या माणसांचं जेवण बघायचं.

दुसऱ्या दिवशी तिच्यामागे तिचा भाऊ.
मग इडुक्कीचा जिबिन,
मग लक्सोरचे जुळे, ज्यांनी मला शिकवलं
की वरणाला अद्स म्हणतात.
मग आमच्या पलूसची स्वरांगी, जी रोज म्हणते,
"मी जेवून आलेय, नुसती बसते,"
आणि बसते ती ताटासमोरच.

बघता बघता नऊ झाली.
वर्गणी काढायची सोय नाही, पाटी लावायची नाही,
पुण्यालाही इथं परवाना लागतो.
मग मी वहीत एक रकाना आखला: सांडलवंड.
भात, नऊ वाट्या. आमटी, नऊ पळ्या. अंडी, नऊ.
अंडी सांडत नाहीत, हे लिहून झाल्यावर सुचलं.

महिनाअखेर पारकर वही घेऊन बसले.
खेडचा माणूस, पै न् पै मोजणारा,
चष्मा कपाळावर.
"सुगंधाबाई, एवढं सांडतं कसं?"
"उन्हाळा आहे. हाताला घाम येतो."
"अंड्यांच्यासुद्धा?"
मी कांदा चिरत राहिले.
कांद्याचा तेवढा एक आधार असतो.

ते उठले. मागचं दार उघडलं.
बाहेर सत्तेचाळीस अंश आणि चपलांचे नऊ जोड,
एक गुलाबी, एक दोन्ही डाव्या पायांचा,
एक बापाचा, अंगठ्याला सुतळी बांधलेला.
आत पोरं जेवायची थांबली,
घास गालात तसाच.
पारकर वाकले, एक चप्पल उचलली
आणि बोटं झटकत लगेच टाकली.
"चपला आत घ्यायला सांगा," म्हणाले. "तापतात."

त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत.
माझा पगारही वाढवला नाही, ते वेगळं.
फक्त शुक्रवारी लबनचे खोके एकाऐवजी दोन यायला लागले
आणि दुसऱ्यापुढे वहीत, त्यांच्या किरट्या अक्षरात:
"फुटलेला."

सप्टेंबर. शाळेच्या पिवळ्या बस पुन्हा फिरू लागल्या.
सांडलवंड: भात, अर्धी वाटी.
तो खरंच सांडला होता.

जुळे लक्सोरला गेले, परतीचा व्हिसा नाही.
सांगायला आले नाहीत.
आठ वर्षांची पोरं, काय सांगणार.
सुतळीचा तो जोड अजून आत आहे, तांदळाच्या पोत्यामागे.
अनवाणी गेला की नव्या बुटांत, कुणास ठाऊक.
मी झाडते रोज,
त्याच्या कडेकडेनं.