एकोणसत्तर

भवानी पेठेतल्या मनपा शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
पहिलीच्या बाकांवर आम्ही बसलो होतो
गुडघे हनुवटीशी घेऊन.
चाळीस शिक्षक, वीस टॅब
आणि डब्यांतल्या लसणीच्या चटणीचा वास.

शिकवायला आलेली शर्वाणी ढमढेरे
माझ्या नोकरीहून दोन वर्षांनी लहान.
म्हणाली, आज खेळायचं फक्त.
"जनगणनेपेक्षा बरं," खिलारे सर मागून पुटपुटले.

खेळात एक बेडूक. एक तळं. तळ्यात दगड.
टॅब आकडा बोलणार, बेडकानं त्या दगडावर उडी मारायची.
एवढंच.
पण दगडांवर आपले आकडे नव्हते.
तिनं ते पुसून तिथे भलतंच काही मांडलं होतं,
एक वाकडी कडी, एक शिंग,
दोन ठिपके पोटात घेतलेली रेघ.
"पहिल्या दिवशी पाचचा आकडा असाच दिसतो, बाई."

एकोणसत्तर, टॅब बोलला.
मी सत्तर ऐकलं, सातचं शिंग धरलं,
आणि बेडूक बुडाला.
ओरडला नाही. बुडबुडे आले,
आणि तो परत काठावर, कोरडा ठाक,
डोळे मिचकावत.

सात वेळा.
आठव्यांदा मी शेजारच्या होनरावबाईंच्या टॅबकडे पाहिलं.
त्यांनी कोपर आडवं घातलं.

ते कोपर माझ्या ओळखीचं.
सत्तावीस वर्षं मी ते समोरून पाहिलंय, खुर्चीतून.
त्याच्या अलीकडे मान तिरकी करून बसलेला
रेवण कुचेकर.
एकोणसत्तर म्हटलं की एकोणऐंशी लिहायचा.
"कान कुठे ठेवून आलास?"
कान जागेवरच होते त्याचे.
शब्दाच्या पोटात एक उणा करून ठेवलाय
हे त्याला कुणी सांगायचं होतं?

मी त्याला दाराजवळ एकटं बसवलं,
बघायला कुणाची वहीच नको म्हणून.
तिथून त्याला टिंबर मार्केटच्या हातगाड्या दिसायच्या.
त्या तो मोजायचा, तोंडानं,
अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ,
एकही न चुकता.
मीच म्हणायचे, गप्प बस.

शर्वाणी मागे येऊन उभी राहिलेली कळली नाही.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.
"अजून एकदा?" एवढंच म्हणाली.
हेच दोन शब्द मी जन्मभर म्हणत आले,
पण माझ्या वाक्याला प्रश्नचिन्ह नव्हतं.

चारला अभिप्रायाचा फॉर्म आला.
खेळ उपयुक्त वाटला का? होय, अंशतः, नाही.
सूचना, दोन ओळींत.
मी लिहिलं:
बेडूक बुडताना कुणाकडे बघत नाही.
मुलं बघतात.

मग ते खोडलं. सरकारी कागद तो.
वर बारीक अक्षरात लिहिलं,
वेळ अपुरा पडला.