मुद्देमाल क्रमांक नऊ

चौतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
मी काडतुसं तपासली.
हातात गेज. बसलं तर पास, अडलं तर बाद.
माझ्या सहीशिवाय एक पेटी
फाटकाबाहेर गेली नाही,
साहेब असो की साहेबाचा साहेब.

आणि गेल्या वर्षी एका मंगळवारी
अंकुश खिलारे माफ झाला.

मला कळलं ते कोर्टाच्या चार नंबर गेटवर,
चहावाल्याकडून.
'ओव्हाळकाका, तुमच्या केसमधला तिसरा
माफीचा साक्षीदार झाला म्हणे.'
साखर कमी घातली होती त्यानं, आठवणीनं.
मी पैसे दिले, कप तसाच ठेवला.

माफीचा.
घरी येऊन शब्द उलटासुलटा करून पाहिला.
माफी कुणी मागितली? त्यानं, अर्जात.
कुणाकडे? सरकारकडे.
सरकारचं कोण मेलं होतं?

खटल्यावर नाव सरकारचं.
फिर्याद हवालदाराची.
प्रसेनजित सगळ्या कागदांत मयत,
आणि मी पंचनाम्यात, एका ओळीपुरता:
प्रेत वडिलांनी ओळखले.

सरकारी वकील बाई वाईट नाहीत.
खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.
म्हणाल्या, काका, हा बोलला नाही तर ते दोघे सुटतात.
होळकर पुलाखाली त्या रात्री दुसरं होतं कोण?
यानं फक्त गाडी चालवली, आणि पाय धरले.
फक्त.
मी म्हणालो, बाई, हिशोब कळतो मला.
एक सोडून दोन पकडायचे,
कारखान्यातही अशी वेळ यायची.
पण तेव्हा कुणीतरी माझ्या टेबलापाशी यायचं,
विचारायचं, ओव्हाळ, काय करायचं?

विचारलं असतंत
तर कदाचित हो म्हणालो असतो.
रात्रभर बसलो असतो, प्रसेनच्या आईशी भांडलो असतो,
सकाळी बोपोडीहून पहिल्या मेट्रोनं येऊन
हो म्हणालो असतो.
तेवढी एक रात्र माझी होती.
ती कुणी खर्च केली?

तसं विचारायची पद्धत नाही, काका.
पंखा अजून माझ्याकडेच होता.

मग तो पिंजऱ्यात उभा राहिला.
इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडे पाहिलं नाही.
पूर्ण आणि खरं सांगायचं, ही अट.
सांगितलं. किती वाजले होते, कोयता कुणाच्या हातात, सगळं.
आणि कुणी न विचारता एवढं:
'पडल्यावर तो म्हणाला, माझा चष्मा कुठंय.
मी शोधून दिला.
त्यानं चाचपून घातला.'

चार वर्षं मला वाटायचं,
शेवटी त्यानं मला हाक मारली असेल.
चष्मा मागितला.
लहानपणीही उठल्याबरोबर आधी चष्मा,
मग आई, मग मी.
हे मला खिलारेनं सांगितलं.
दुसरं कोण सांगणार होतं?
त्याबद्दल त्याचं काय करायचं,
ते मोजायचं गेज माझ्याकडे नाही.

दोघांना जन्मठेप झाली.
तो सुटला. येरवड्याबाहेर बहीण रिक्षा थांबवून उभी होती म्हणे.

चष्म्यासाठी मी अर्ज केला.
मुद्देमाल क्रमांक नऊ, डावी काच तडकलेली.
कारकून म्हणाला, अपिलाची मुदत संपू द्या,
आणि इथे, इथे, मागच्या पानावर
वडिलांची सही लागेल.

मी विचारलं, नक्की माझीच?

पेन घरून आणलं होतं.